जुन्या लाकडी खिडक्या काढून डबल काचेच्या व्हिनाइल खिडक्या बसवल्या, तर खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: खिडक्या लाकडी, बऱ्याच जुन्या, एकेरी काचेच्या. पश्चिमेकडची खोली दुपारनंतर तापते, थंडीत पहाटे फटींतून वारा येतो. विक्रेता म्हणतो, व्हिनाइलच्या म्हणजे यूपीव्हीसी या कडक प्लॅस्टिकच्या, डबल काचेच्या खिडक्या बसवा, विजेचं बिल निम्म्यावर येईल. बसवाव्यात का, आणि बसवायच्या तर काय बघून?

मी खिडक्या बनवून बसवण्याच्याच धंद्यात आहे. म्हणजे 'बदला' असं सांगण्यात माझा फायदा, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

बिल निम्म्यावर येणार नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार घर गरम-थंड करायला जी ऊर्जा लागते, तिच्यातला २५ ते ३० टक्के भाग खिडक्यांतून होणाऱ्या उष्णतेच्या ये-जा पायी खर्च होतो. खिडक्यांनी ही ये-जा अगदी निम्मी केली, तरी वाचणार ते एसी-हीटरच्या खर्चातले १२ ते १५ टक्के. आणि बिलात फ्रिज, पंप, दिवे, धुलाई यंत्र यांचाही वाटा असतोच. निम्म्याची भाषा करणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगा, बोलणं आपोआप जमिनीवर येतं.

पण फरक पडतो का, तर पडतो. कधी कधी खूपच पडतो. फक्त तो 'व्हिनाइल' या शब्दामुळे पडत नाही. उष्णता खिडकीतून तीन वाटांनी ये-जा करते: काचेतून थेट येणारं ऊन, काच आणि चौकटीतून होणारं वहन, आणि फटींतून येणारी हवा. तुमच्या घरात यातली कुठली वाट मोठी आहे ते आधी ठरवा. प्रत्येकीवर इलाज वेगळा आहे, आणि सगळ्यांना एकच औषध विकलं जातं.

एक साधं गणित मांडतो. दीड चौरस मीटर काच असलेली पश्चिमेची खिडकी धरा. दुपारी चारला तिच्यावर प्रत्येक चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतंय, बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा १० अंशांनी जास्त आहे. साधी एकेरी काच उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणजे ७२० वॅट. वहनाने येणारी उष्णता त्यामानाने किरकोळ: एकेरी काचेचं यू-मूल्य (एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता वाहते तो आकडा, कमी तितका चांगला) ५.७ च्या आसपास, म्हणजे ५.७ गुणिले दीड गुणिले १०, जेमतेम ८५ वॅट. एकूण झाले ८०५.

आता त्याच जागी साधी, कोटिंग नसलेली डबल काच बसवली. वहन निम्म्यावर आलं, ८५ चे ४२ झाले. पण ऊन? ते अजूनही ७० टक्के आत येतंय, म्हणजे ६३० वॅट. एकूण ६७२. खर्च केला आणि सहाव्या हिश्श्याएवढी उष्णता अडली. 'डबल काच लावली तरी खोली तापते' अशी तक्रार घेऊन लोक येतात, त्यातल्या बहुतेकांच्या घरी हेच झालेलं असतं. काच डबल आहे, पण ऊन अडवणारं तिच्यात काहीच नाही.

तीच डबल काच ऊन रोखणाऱ्या लो-ई कोटिंगची घेतली, तर उन्हाची उष्णता ३० टक्क्यांच्या आसपास आत येते: २७० वॅट, वर वहनाचे वीस-बावीस. एकूण २९०. हा फरक हाताला जाणवतो. लो-ई म्हणजे काचेवर चढवलेला चांदीचा इतका पातळ थर, की डोळ्याला तो दिसत नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. हा थर ती परत पाठवतो आणि उजेड बराचसा आत येऊ देतो. त्यामुळे खोली अंधारी न होता ताप कमी होतो. गडद रंगाची काच असं करत नाही. ती ऊन स्वतःत शोषून घेते, स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत टाकते.

आणि आता माझ्या धंद्याला न परवडणारी गोष्ट. जुन्या काचेवरच बाहेरून सावली पाडली, म्हणजे बाहेरच्या बाजूने पट्ट्यांची झडप किंवा गुंडाळता येणारा पडदा लावला, तर त्या ७२० वॅटमधले बहुतेक गायब होतात. आजूबाजूच्या भिंतींवरून उसळणारा थोडा भाग तेवढा राहतो. आतला पडदा हे काम करू शकत नाही, कारण त्याच्यापर्यंत पोचलेलं ऊन एव्हाना खोलीत आलेलं असतं. पश्चिमेला उंच छज्जाही फारसा उपयोगी नाही, सूर्य खाली उतरलेला असतो. तिथे उभी आडोशाची झडपच लागते. एकाच खोलीचा त्रास असेल तर आधी हे करून बघा. काचेवर चिकटवायची फिल्म हाही मार्ग आहे, पण बंदिस्त डबल काचेला आतून फिल्म लावताना काच बनवणाऱ्याला विचारा. काच उन्हात वेडीवाकडी तापून तडकू शकते.

थंडीची गोष्ट वेगळी. रात्री ऊन नसतं, म्हणून वहन आणि फटी हेच दोन चोर उरतात. आत २०, बाहेर ५ अंश धरा. त्याच खिडकीतून एकेरी काचेतून १२८ वॅट बाहेर जातात, साध्या डबल काचेतून ६३, आणि लो-ई कोटिंग व आर्गॉन भरलेल्या डबल काचेतून २७ च्या आसपास. म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी साधी डबल काचसुद्धा काम करते, कोटिंग असेल तर फारच. आर्गॉन हवेपेक्षा उष्णता कमी वाहतो, म्हणून भरतात. दोन काचांमधलं अंतर १२ ते १६ मिलिमीटर चांगलं. त्याहून जास्त ठेवलं तर आतला वायूच फिरायला लागतो आणि फायदा थांबतो. सहा मिलिमीटर अंतराची 'डबल काच' विकणारे आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

फटींची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. वारा असलेल्या दिवशी खिडकी बंद करा, उदबत्ती पेटवून पल्ल्याच्या कडेने सावकाश फिरवा आणि धूर कुठे हलतो ते बघा. मग एक कागद पल्ल्यात धरून खिडकी लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथे दाब नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधली रेघही विसरू नका. जुन्या घरांत बराच वारा तिथूनच येतो आणि दोष पल्ल्याला लागतो.

लाकूड वाईट म्हणून बदलायचं, हे मात्र खरं नाही. वहनाच्या हिशेबात लाकूड आणि यूपीव्हीसी जवळपास भाऊ-भाऊ: लाकडाचा उष्णता वाहण्याचा आकडा ०.१३ ते ०.१८, यूपीव्हीसीचा ०.१७. ॲल्युमिनियम मात्र १६० च्या घरात, म्हणून त्याच्या चौकटीत मध्ये उष्णता तोडणारी पट्टी नसेल तर ती घेऊ नये. तुमची लाकडी चौकट टोचणीने टोचून बघा, विशेषतः खालचे कोपरे. लाकूड टणक असेल तर पल्ले रंधून, रबरी पट्ट्या बसवून, आतून दुसरी काचेची झडप लावून पुष्कळ काम भागतं. टोचणी लोण्यात गेल्यासारखी आत गेली, वाळवीची माती निघाली, चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहिली नसेल, तर मग बदला. यूपीव्हीसीचा खरा फायदा देखभालीत आहे: कुजत नाही, फुगत नाही, वाळवी लागत नाही, दर दोन-तीन वर्षांनी रंग लावावा लागत नाही. शिवाय कोपरे वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे तिथून पाणी झिरपत नाही.

बदलायचं ठरलंच असेल तर आता माल. पल्ला सरकता हवा की बिजागरीचा? ऊर्जेच्या दृष्टीने बिजागरीचाच. तो कडी फिरवली की रबरावर चेपून बसतो. सरकत्याला सरकायला मोकळीक लागते, म्हणून तिथे ब्रशसारखी पट्टी असते आणि ती थोडी हवा सोडणारच. बाहेर पल्ला उघडायला जागा नसेल, ग्रिल आड येत असेल, तर आत उघडणारा किंवा वरून कलणारा पल्ला मिळतो. सरकत्याचा हट्ट बहुतेक वेळा जाळीसाठी असतो. जाळी बिजागरीच्या खिडकीलाही बसते.

प्रोफाइल म्हणजे चौकट आणि पल्ला ज्या पोकळ प्लॅस्टिक पट्टीचे बनतात ती. तिची बाहेरून दिसणारी भिंत किती जाड आहे ते विचारा. युरोपियन मानकात ए वर्गासाठी ती किमान २.८ मिलिमीटर आणि बी वर्गासाठी २.५ मिलिमीटर लागते. कडक उन्हाच्या प्रदेशासाठी त्याच मानकात वेगळा वर्ग आहे, तो मागा. उन्हात प्लॅस्टिक पिवळं पडून ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, आणि स्वस्त मालात काटछाट नेमकी तिथेच होते. आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का, किती जाडीची, हेही विचारा. ती नसलेला मोठा पल्ला वाऱ्याने वाकतो. पूर्वी या प्लॅस्टिकमध्ये शिशाची संयुगं घालत. युरोपातल्या उत्पादकांनी ती २०१५ अखेरपर्यंत बंद केली, आता कॅल्शियम-झिंकवर काम चालतं. शिसंविरहित आहे असं लेखी घ्या. रंग कुठला घ्यावा ही तुमची आवड, पण उन्हाच्या बाजूला गडद रंग घ्यायचा असेल तर उत्पादकाने त्या रंगासाठी हमी दिलेली असली पाहिजे.

काचेच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला आकड्यांचा. यू-मूल्य अमेरिकन पद्धतीत वेगळ्या एककात असतं. परदेशी माहितीपत्रकात ०.३० लिहिलेलं दिसतं आणि दुसऱ्याच्या पत्रकात १.७. पहिली खिडकी सहापट चांगली वाटते, पण दोन्ही एकच आहेत: ०.३० ला ५.६८ ने गुणलं की १.७ येतं. शिवाय आकडा नुसत्या काचेच्या मधल्या भागाचा आहे की चौकटीसकट पूर्ण खिडकीचा, तेही विचारा. मधल्या भागाचा आकडा नेहमी देखणा असतो.

दुसरा सापळा कोटिंगचा. लो-ईचे पैसे घेऊन साधी काच बसवली तर नुसत्या नजरेने तुम्हाला कळणार नाही. पण अंधार पडल्यावर लायटर किंवा मेणबत्ती काचेजवळ धरा आणि थोडं तिरकं बघा. डबल काचेला चार पृष्ठं असतात, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. चारही एकाच रंगाची असतील तर कोटिंग नाही. एकाचा रंग वेगळा, किंचित जांभळट-गुलाबी किंवा हिरवट दिसला, तर कोटिंग आहे. ते कुठल्या पृष्ठावर आहे तेही यातच कळतं. पृष्ठं बाहेरून मोजतात. ऊन अडवायचं असेल तर कोटिंग दुसऱ्यावर हवं, म्हणजे तुम्ही खोलीत उभे असताना तुमच्याकडून तिसरी ज्योत वेगळी दिसायला हवी. थंडीसाठीच्या काचेत ते बहुधा तिसऱ्या पृष्ठावर असतं, म्हणजे तुमच्याकडून दुसरी ज्योत. काच उलटी बसवली गेली की हे बरोबर पकडता येतं. मी स्वतः माल ताब्यात घेताना लायटर खिशात ठेवतो.

दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं, तर कडेचं सील गेलं असं समजा. कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. सील फुटलं की ते भरून जातात आणि मग काच बदलण्याशिवाय इलाज नाही. म्हणून काचेची हमी चौकटीच्या हमीपेक्षा वेगळी लिहून घ्या. याउलट पहाटे काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर घाबरू नका, आतली उष्णता बाहेर जात नाही म्हणूनच बाहेरची काच इतकी गार पडते.

आता बसवणं. याच्यावर कोणी बोलत नाही आणि बहुतेक खिडक्या इथेच फसतात. यूपीव्हीसी उन्हाने चांगलंच वाढतं: मीटरला, अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. दोन मीटरची पट्टी पहाटेच्या १० अंशांवरून दुपारच्या उन्हात ६० वर गेली, तर सात मिलिमीटर लांब होते. म्हणून चौकट भिंतीच्या मापापेक्षा थोडी लहान करून चारही बाजूंनी फट सोडायची असते. गवंडी ती फट सिमेंटने गच्च भरतो, आणि पहिल्या उन्हाळ्यात चौकट मध्ये फुगून पल्ला घासायला लागतो. फटीत फोम, बाहेरून सिलिकॉन, हा योग्य क्रम. फोम उघडा ठेवू नये, उन्हाने त्याचा भुगा होतो. आणि फोम खिडकी धरून ठेवत नाही. धरतात ते स्क्रू: कोपऱ्यापासून १५ ते २५ सेंटिमीटरवर पहिला, पुढे जास्तीत जास्त ६० सेंटिमीटरला एक. बसवताना ओळंबा आणि दोन्ही कर्ण मोजून घ्या. कर्ण जुळले नाहीत तर स्क्रू आवळू देऊ नका.

काच पल्ल्यात बसवताना खाली-वर प्लॅस्टिकचे छोटे पॅकर टाकतात. बिजागरीच्या पल्ल्यात ते तिरक्या रेषेत हवेत: खाली बिजागरीच्या बाजूला, वर कडीच्या बाजूला. म्हणजे काचेचं वजन बिजागरीकडे जातं आणि पल्ला लोंबत नाही. वर्षभरात पल्ला खाली टेकायला लागला की लोक बिजागरीला शिव्या देतात. आधी काच धरणारी पट्टी काढून पॅकर बघावेत.

खालच्या चौकटीला पाणी निघायला खाचा असतात. काम संपल्यावर पेलाभर पाणी आतल्या खोबणीत ओता, ते बाहेरच्या बाजूने निघालं पाहिजे. नाही निघालं तर खाच सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजली आहे, माणसं असतानाच साफ करून घ्या. प्रोफाइलवरची संरक्षक फिल्मही लगेच काढा, उन्हात तिचा गोंद भाजून चिकटतो. डाग काढायला साबणपाणीच वापरा. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर वरचा थर खराब होईल.

जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवायची पद्धत आहे. तोडफोड वाचते, पण काच लहान होते आणि जुन्या चौकटीमागची भिंतीची फट तशीच राहते. उदबत्तीचा धूर तिथेच हलत असेल, तर जुनं पूर्ण काढणंच बरं. काढताना जुना तैलरंग कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. ओलं करून खरवडा आणि कचरा बांधून टाका.

एका गोष्टीत मात्र सूट नाही. नव्या खिडक्या हवा अडवतात, म्हणजे घराचं फुकटचं वायुवीजनही बंद होतं. दमट भिंती, कोपऱ्यात बुरशी हे त्याचंच फळ. त्याहून गंभीर म्हणजे ज्या खोलीत गॅसवर चालणारा गीझर किंवा शेगडी आहे, तिथे ताजी हवा येण्याची आणि वापरलेली हवा जाण्याची कायमची वाट हवीच. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. चौकटीत बसणारी छोटी हवेची जाळी मिळते, ती ऑर्डर देतानाच सांगा. आणि प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एक खिडकी अशी असू द्या, की आगीच्या वेळी तिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल. ग्रिल असेल तर तिला उघडणारं दार करून घ्या.

रस्त्याचा आवाज हाही तुमचा त्रास असेल, तर दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, शक्य असेल तर एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून चिकटवलेली. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुराला एकदम थरथरतात.

सगळ्या खिडक्या एकदम बदलाव्यात असं मला वाटत नाही. तुमच्या वर्णनावरून पश्चिमेच्या खोलीत ऊन रोखणारी लो-ई डबल काच किंवा बाहेरची झडप, आणि बाकी घरात आधी रबरी पट्ट्या व भिंतीच्या फटी, असा क्रम मी लावेन. एक उन्हाळा, एक हिवाळा जाऊ द्या. मग पुढच्या खिडक्या घेताना त्याच प्रोफाइल मालिकेचं नाव आणि काचेची रचना (उदाहरणार्थ ६-१२-६, म्हणजे ६ मिलिमीटरची काच, १२ चं अंतर, ६ ची काच; कोटिंग दुसऱ्या पृष्ठावर) पहिल्या कोटेशनवर लिहून घेतलेली असली, म्हणजे नव्या-जुन्या एकमेकींशी जुळतील.